घरातली पहिली बंदूक: आठवणी, आणि आता तिचं काय करावं?

तळकोकणी
नमस्कार मंडळी. आमचं घर कुडाळ तालुक्यात. आजोबांच्या नावावर एक ठासणीची बंदूक आहे, एकनळी, केपाची (केप म्हणजे घोडा आपटला की दारू पेटवणारी छोटी टोपी). शेती संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. आजोबा यंदा शिमग्यानंतर गेले आणि बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. काका म्हणतात, कशाला ती कटकट, देऊन टाक. मला ती नावावर करून घ्यायची आहे. शिकारीसाठी नाही, हे आधीच सांगतो.

मी हातात धरलेली ती पहिली बंदूक. दस्ता मूळचा राहिलेला नाही. तो कधीतरी फुटला, तेव्हा गावच्या सुताराने फणसाच्या लाकडाचा करून बसवला. मूळ लाकूड काळपट, त्यामुळे जोड लांबूनही दिसतो. गाल टेकवायची जागा इतकी गुळगुळीत झालीय की पिवळट लाकडात हाताची सावली दिसते. नळीला दोन पितळी कड्या आहेत. त्यातली पुढची सैल झाली म्हणून आजोबांनी खाली तांब्याची तार गुंडाळली होती, ती अजून तशीच आहे.

भाताला दूध भरलं की डुकरं उतरायची. मग आजोबा माळ्यावर राखणीला जायचे आणि मी मागे लागायचो. बंदूक भरायची ती शेतात, घरात कधीच नाही. दारू, काथ्याचा बोळा, गजाने ठासणं, छर्रे, पुन्हा बोळा. केप मात्र सदऱ्याच्या खिशात, डबीत. माळ्यावर बूड टेकल्याशिवाय ती डबी उघडायची नाही. बहुतेक रात्री छर्रे नसायचेच, नुसता बार काढायचे. आवाज डोंगराला लागून परत यायचा आणि खालच्या वाडीतले कुत्रे उठायचे. डुकरं दोन दिवस फिरकायची नाहीत.

आजोबा म्हणायचे, "बंदूक कधी रिकामी नसता, ह्या ध्यानात ठेव."

तुमच्या घरी अशी पहिली बंदूक, रायफल काही होती का? आता कुठे आहे? आणि माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

चिंचोका
आमच्या घरातली पहिली बंदूक दिवाळीतली, टिकल्यांची. परवाना आईकडे. दुपारी दोन ते चार तो निलंबित असायचा.

आंबोळी
@तळकोकणी, काथ्याचा बोळा वाचून थेट आमच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात पोहोचले. मी सावंतवाडीकडची. आमच्याकडे बंदूक धुण्याचं काम आम्हा पोरांकडे असायचं. काळ्या दारूची राख नळीत राहिली की पावसाळी हवेत ओल धरते आणि एका रात्रीत गंज चढतो. म्हणून बार काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या चुलीवरचं कडकडीत पाणी नळीत ओतायचं. आधी काळं, मग करडं, मग स्वच्छ. कुजलेल्या अंड्याचा वास सुटायचा आणि आजी नाकाला पदर लावून ओरडायची. मग गजाला फडकं गुंडाळून नळी कोरडी करायची आणि वरून खोबरेल. गरम पाण्याने नळीच इतकी तापायची की उरलेली ओल आपोआप उडून जायची. ही युक्ती कोणी शिकवली कुणास ठाऊक, पण नळी शेवटपर्यंत आतून आरशासारखी होती.

केपांची डबी आजी तांदळाच्या कणगीत ठेवायची. दमट हवेपासून जपायला तीच जागा बरी, आणि पोरांचे हात पोचत नाहीत म्हणूनही.

झाडीपट्टी
शीर्षकात 'बंदूक' आहे पण मजकुरात तुम्ही रायफलचंही विचारलंय, म्हणून लिहितो. ठासणीची बंदूक आणि बारा बोअर, म्हणजे काडतुसाची छर्ऱ्यांची बंदूक, या दोन्हींची नळी आतून सपाट. रायफलच्या नळीत पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या बाजूला. बाबांकडे इशापूरच्या कारखान्याची .३१५ बोअरची रायफल होती. पुष्कळांना वाटतं की ती लष्कराची .३०३. खटका, पेटी, पाच गोळ्या, सगळी ठेवण त्या .३०३ ली-एनफिल्ड रायफलचीच आहे, म्हणून तसं वाटतं. पण लष्करी बोअर नागरिकाला मना असल्यामुळे गोळी वेगळी, आठ मिलिमीटरची.

बाबांना ती मिळाली तेव्हाच जुनी होती. आधीच्या मालकाने दस्त्यावर आपली आद्याक्षरं चाकूने कोरली होती. बाबांनी ती कधी घासून काढली नाहीत. चामडी पट्टा दोनदा तुटला, दोन्ही वेळा चांभाराकडून बैलाच्या जोताच्या चामड्याचं ठिगळ लावून घेतलं. काडतुसं महाग, वर्षाला किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं. त्यामुळे बाबा एकेक गोळी जपत. बार झाला की विजेरी लावून आधी पितळी पुंगळी शोधायची, मग पुढचं. मला पुंगळी सापडली की ती गरम असतानाच मुठीत धरायला आवडायचं.

तेव्हा जंगलाचे शिकारीसाठी ब्लॉक पाडलेले असत. वनखात्याकडून ब्लॉकचा परवाना घ्यायचा, त्यात कोणता प्राणी आणि किती ते लिहिलेलं. बाबा कागद घेतल्याशिवाय रानात पाय ठेवत नसत. रात्री जीपच्या उजेडात मारणाऱ्यांचा त्यांना मनापासून राग होता. चितळ दिसलं आणि खांदा नीट दिसत नसेल तर ते रायफल खाली घ्यायचे. "जखमी करून सोडण्यापेक्षा घरी जाऊन वरणभात खाऊ," हे त्यांचं ठरलेलं.

आधी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, मग १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच बंद झाले. पुढे काही वर्षं रायफल नुसती होती. दर दसऱ्याला पूजा आणि तेलपाणी. बाबांचे डोळे गेले तेव्हा त्यांनी स्वतः ती परवानाधारक विक्रेत्याकडे नेऊन दिली. येताना पट्टा तेवढा काढून आणला.

रानभैरी
सगळ्यांच्या आठवणी प्रेमाने वाचल्या. तरी दुसरी बाजू इथे यायला हवी असं वाटतं.

या देशात चित्ता संपला तो शेवटी बंदुकीनेच. १९४७ साली आताच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्रीत तीन मारले, आणि १९५२ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. सोलापूरच्या माळावरचा माळढोक पक्षी जीपमधून मारला गेला. पुढे १९७९ मध्ये अभयारण्य झालं तरी त्याची संख्या सावरली नाही. झाडीपट्टींच्या बाबांसारखी खांदा बघून थांबणारी माणसं थोडी होती. बाकीच्यांनी रान रिकामं केलं. मी पक्षीनिरीक्षक आहे, आणि ज्या ओढ्यावर वडील लावे-तित्तिर किती होते ते सांगतात तिथे मी सकाळभर बसून आवाजसुद्धा ऐकत नाही. त्यामुळे 'बंदुकीच्या गोड आठवणी' वाचताना घशात काहीतरी अडकतं.

तळकोकणी
@रानभैरी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. माझी आठवण मारण्याची नाहीच, राखणीची आहे. पण आजोबांच्या तरुणपणी गावाची पारध व्हायची, हाकारे निघायचे, त्यात हीच बंदूक असायची, हेही तितकंच खरं. ते मी झाकत नाही.

करवीरकर
@रानभैरी, एक जोड देतो. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींची सुरुवात एअरगनने झाली. लहानपणी पाडलेली चिमणी वेगळी दिसली, गळ्यावर पिवळा ठिपका होता, म्हणून ते ती घेऊन १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव मिलार्डसाहेब यांनी त्यांना पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमचं दाजीपूरही तसंच. करवीर संस्थानचं राखीव शिकारीचं रान, ते १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं. राजांनी शिकारीसाठी राखलं म्हणून तिथे वाचवण्याजोगं जंगल उरलं होतं.

रानभैरी
मान्य. पण 'राखलं' आणि 'वाचवलं' यांच्या मध्ये कायदा आला, तो विसरू नका. दाजीपूरचं रान शिकारखाना म्हणून चालू राहिलं असतं तर आज गवे किती दिसले असते?

करवीरकर
हे बरोबर आहे. कायदा हवाच होता, आणि उशिरा आला.

हरणटोळ
विषय जरा बाजूला नेतो. @आंबोळी, खोबरेल थंडीत गोठत नाही का? आमच्या नाशिककडे बारा बोअरला शिवणयंत्राचं तेल लावायचे.

आंबोळी
आमच्याकडे एवढी थंडी असते कुठे! गोठलंच तर उन्हात दोन मिनिटं. शिवणयंत्राचं तेल खरं तर जास्त चांगलं, पण खोबरेल घरचं.

पेनसिल्वेनियाचा पाहुणा
इकडून लिहितोय, त्यामुळे अनुभव अगदी वेगळा. माझं बालपण डोंबिवलीत गेलं. घरात बंदूक तर सोडाच, सुरीसुद्धा एकच होती. इथे नोकरीला लागलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी नोव्हेंबर आला की दुसरं काही बोलायचा नाही. त्या काळी हरणाचा रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि गावागावांत शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी उघडतो, आणि जुनी माणसं अजून त्यावर हळहळतात.

त्याच्या वडिलांची मार्लिन ३३६ मला मिळाली, .३०-३० गोळीची, लिव्हरची, म्हणजे चापाखालची दांडी खालीवर करून पुढची गोळी भरायची. म्हाताऱ्यांचे गुडघे गेले होते, आणि त्यांना ती दुकानात द्यायची नव्हती, कोणीतरी रानात नेणारा हवा होता. मी किंमत विचारली तेव्हा त्यांनी आधी मलाच विचारलं, "वाऱ्याकडे पाठ करून बसणार की तोंड करून?" उत्तर बरोबर आलं तेव्हा पैशाचं बोलणं झालं.

तिचं वर्णन करायलाच हवं. लिव्हरच्या रायफली चालताना मधोमध तोलून एका हाताने धरतात. बरोबर तिथे, लोखंडी पेटीच्या पोटाला, निळा रंग पार उडून चांदीसारखं चकचकीत झालंय. म्हाताऱ्यांच्या मुठीचा ठसा. माझी मूठ लहान, त्यामुळे माझ्या बोटांच्या दोन्ही बाजूंना त्यांची झीज दिसते. दस्ता अक्रोडाचा, त्यावर काटेरी तारेचा एक लांब ओरखडा. नेम धरायला दुर्बीण नाही, नळीच्या टोकावरची साधी माशी. त्यामुळे शंभर यार्डांपलीकडे मी बघतही नाही.

इथे नियम कडक आहेत. आधी शिकवणीचा वर्ग आणि परीक्षा. डोकं, छाती, पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कपडा. हरणाला अर्धस्वयंचलित रायफल चालत नाही. हरीण पडलं की जागेवरच चिठ्ठी भरून कानाला बांधायची. लांडगे आणि प्यूमा इथून कधीच संपलेले, त्यामुळे हरणं वाढतात आणि कोवळी झाडं उगवू देत नाहीत. @रानभैरी, मला तुमचं म्हणणं पूर्ण पटतं, म्हणून हे लिहिलं. जागा बदलली की शिकारीचा अर्थ बदलतो. भारतात मी हातात बंदूक धरणार नाही.

आणि हो, हरणाचं मटण घाटी काळ्या मसाल्यात, भरपूर कांदा खोबरं भाजून, मंद आचेवर. चरबी जवळजवळ नसते, म्हणून तेल सढळ हाताने.

चिंचोका
वाऱ्याचं उत्तर काय दिलंत ते सांगा. दुकान उघडून ठेवून निघून जाऊ नका.

पेनसिल्वेनियाचा पाहुणा
तोंड वाऱ्याकडे. हरीण जिकडून येणार असं वाटतं तिकडून वारा आपल्या अंगावर यायला हवा. आपला वास त्याच्याकडे गेला की दिवस संपला.

तळकोकणी
आजोबा विडी पेटवून धूर बघायचे. बार काढायचा असला तरी! डुकराचं नाक फार तिखट.

खाकी पोरगी
माझी पहिली रायफल शिकारीची नव्हे, एनसीसीची .२२. पंचवीस यार्डांवर पालथं पडून कागदाचं लक्ष्य. दस्ता इतक्या पोरींच्या खांद्यांनी घासलेला की वार्निश नावाला नव्हतं. उस्ताद सांगायचे, श्वास अर्धा सोड, थांब, आणि चाप ओढू नको, दाबत जा. माझ्या पाचही गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या तेव्हा त्यांनी तो कागद मला घरी नेऊ दिला. तो अजून आहे.

हे सांगायचं कारण, नेमबाजीचं प्रेम रानाशिवायही जगतं. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचं कांस्य आणलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जगज्जेती झाली, तीही कोल्हापूरची. ज्या पोरांना आजोबांची बंदूक बघून हात शिवशिवतात त्यांना रेंजवर न्या.

करवीरकर
कोल्हापूरचं नाव निघालं, आता मी दोन दिवस या धाग्यावरून हलत नाही.

वकीलकाका
आता मूळ प्रश्नाकडे येऊ, कारण @तळकोकणी यांना निर्णय घ्यायचा आहे.

परवानाधारक गेला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, ते तुम्ही केलंत. आता वारसाने स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसा हक्काच्या हत्याराची वेगळी तरतूद आहे. धारक हयात असतानाही, त्याचं वय सत्तर झालं किंवा हत्यार पंचवीस वर्षं जवळ असलं, तर ते वारसाकडे देता येतं. वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे आजोबा-वडील हयात आहेत त्यांनी हे आत्ताच करावं, नंतरची धावपळ वाचेल. बाकी वारसांची ना हरकत मात्र लेखी घ्या. तुमच्या बाबतीत काकांची सही पहिली.

ठासणीची बंदूक आणि पीक संरक्षण हा १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलेला विषय आहे. खरोखरीच्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा अशी तिथली भाषा आहे. म्हणजे सातबारा आणि शेती करत असल्याचा पुरावा जोडा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन हत्यारं, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. शेतात डुक्कर आलं म्हणून परस्पर मारता येत नाही. त्यासाठी वन्यजीव कायद्याखाली वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. नुकसान झालं तर पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा.

हरणटोळ
निवडणूक आली की जमा करावीच लागते ना पण? आमच्या मामांची बारा बोअर ऐन कापणीत ठाण्यात असायची.

वकीलकाका
सरसकट सगळ्यांची नाही. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवते कोणाकडून घ्यायची. नोटीस आली तर मात्र वेळेत जमा करून पावती घ्या, आणि पावतीवर हत्याराचा क्रमांक नीट लिहिलाय का ते तिथेच बघा.

झाडीपट्टी
पावतीबरोबर मी एक जोडतो. जमा करताना तेल लावून द्या. ठाण्यातल्या खोलीत कोणी पुसत बसत नाही. पाहुण्यांच्या घरची जोडनळी तीन पावसाळे अशीच पडून राहिली, परत आली तेव्हा नळीत बोटभर गंज.

तळकोकणी
काकांशी काल बोललो. मी बंदूक मागतोय ती वाटणीत नव्हे, राखणीसाठी, हे सांगितल्यावर त्यांचा सूर बदलला. म्हणाले, नाचणी आणि भात तूच करणार असशील तर सही देतो. @वकीलकाका, सातबाऱ्यावर आजोबांनंतर आमची नावं चढायची आहेत, तो फेरफार आधी करून घेतो.

@रानभैरी, माझ्याकडून शब्द, या बंदुकीतून यापुढे छर्रे सुटणार नाहीत. बार तेवढा काढेन.

रानभैरी
बार काढा की, खुशाल. एक विनंती, मे-जूनमध्ये नको. तेव्हा अर्धं रान अंड्यांवर किंवा पिलांवर असतं.

तळकोकणी
भाताला दूध भरतं ते भाद्रपद-आश्विनात. त्याआधी गरजच पडत नाही.

आंबोळी
ठाण्यातून आणलीत की आधी गज नळीत सोडून बघा. आमच्या गजावर खूण होती, रिकाम्या नळीत तो कुठवर जातो त्याची. खूण वर राहिली तर आत काहीतरी आहे. कोणी कितीही सांगो 'रिकामी आहे', गज सोडल्याशिवाय केपेला हात लावायचा नाही.

तळकोकणी
आमच्याही गजावर दोन खाचा आहेत, आजोबांनी कानशीने पाडलेल्या! एक रिकामीची, एक भरलेलीची. अजून एक प्रश्न. घोड्याची कमान थकली आहे, ओढला की अर्ध्यावर थांबत नाही. कुडाळ-सावंतवाडीकडे दुरुस्त करणारं कोणी?

वकीलकाका
गावच्या लोहाराकडे देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडेच न्या, आणि तेही परवाना तुमच्या नावावर झाल्यावर. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत अशा विक्रेत्यांची यादी मिळेल.

झाडीपट्टी
आणि कमान बदलली तरी फणसाचा दस्ता बदलू देऊ नका. विक्रेता नवा बसवायला सुचवेल.

तळकोकणी
तो कोण बदलतोय! सोमवारी तलाठ्याकडे जातोय, काय होतं ते इथेच कळवतो.